‘काही नाही’ नावाचे दुखणे

२०२५ च्या जुलै महिन्यातली एक सकाळ. आम्हा निवृत्तांचा फिरायला जाणारा एक कंपू आहे. विद्यापीठाच्या आवारात एक फेरी मारायची आणि मग टपरीवर हाफ चहा घेत सरकारला नावे ठेवायची, असा आमचा अनेक वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी मात्र चहा येण्याआधीच एकाने मोबाइल पुढे केला. कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात चाळीसेक दिवसांत वीसहून अधिक माणसे हृदयविकाराने गेली, त्यांत कितीतरी तरुण. म्हैसूरच्या जयदेव हृदयरोग रुग्णालयापुढे तपासणीसाठी पहाटेपासून रांगा. पाठोपाठ दुसरी चित्रफीत. लग्नात नाचणारा एक तरुण नाचता नाचता कोसळतो. मग तिसरी, व्यायामशाळेतली. चहा आला, गार झाला, कुणी उचलला नाही. आमच्यातल्या जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी नकळत डाव्या खांद्यावर हात ठेवला, तो उठेपर्यंत काढला नाही.

पुढच्या दोन दिवसांत आमच्या आठ जणांपैकी पाच जणांनी ईसीजी काढून घेतले. मी काढला नाही. यात शौर्य काही नाही. माझा कोटा केव्हाच संपला आहे. २०१७ च्या फेब्रुवारीपासून पुढच्या दीड वर्षात मी चौदा ईसीजी, दोन टू-डी इको, एक टीएमटी आणि (माझ्याच हट्टापायी) एक अँजिओग्राफी करून घेतली. सगळ्यांचे निकाल उत्तम. आणि त्या दीड वर्षात मी जितका आजारी होतो तितका आयुष्यात कधीही नव्हतो.

हासनची पुढची गोष्टही सांगायला हवी. कर्नाटक सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी या मृत्यूंची छाननी केली आणि हृदयविकाराच्या मृत्यूंत नेहमीपेक्षा वेगळी अशी वाढ दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. करोनाच्या लशीमुळे तरुण माणसे अचानक जात असल्याचा जो बोभाटा झाला होता, त्याबाबत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्येच अभ्यास प्रसिद्ध करून, लशीमुळे असा धोका वाढल्याचे आढळत नाही, असे सांगितले होते. आमच्या कंपूच्या ग्रुपवर हे दोन्ही निष्कर्ष कुणीही पुढे पाठवले नाहीत. पाठवले असते तरी फारसा फरक पडला नसता, हे मी स्वानुभवाने सांगतो. भीतीला आकडेवारी वाचता येत नाही.

माझी स्वतःची कथा नोटाबंदीनंतर सुरू होते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री घोषणा झाली तेव्हा मी शहरातल्या एका शाखेचा व्यवस्थापक होतो. पुढचे पन्नास दिवस बँकेतल्या माणसांनी काय भोगले ते ज्यांनी काउंटरच्या आतून पाहिले त्यांनाच ठाऊक. बाहेर रांग, आत रोकड नाही, वरून रोज नवी परिपत्रके. त्या काळात मला साधी सर्दीही झाली नाही. जे व्हायचे ते सगळे शांत झाल्यावर झाले. फेब्रुवारीतला एक रविवार, दुपारचे जेवण झालेले, दूरदर्शनवर कुठलासा जुना सामना. एकाएकी छातीत धडधड सुरू झाली. हाताची बोटे मुंग्या आल्यासारखी बधिरली, घसा आवळला, घाम फुटला आणि मनात एकच वाक्य उमटले: संपले. सौभाग्यवतीने शेजाऱ्यांना हाक मारली, रिक्षा आली. जालना रोडवरचे प्रत्येक सिग्नल लाल लागत होते, एवढेच आठवते.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत अर्धे बरे वाटू लागले होते. ईसीजी झाला. माझ्या मुलाच्या वयाच्या डॉक्टरने कागदाची पट्टी पाहिली आणि हसून म्हणाला, “काही नाही काका. टेन्शन घेऊ नका.”

या ‘काही नाही’वर मला थोडे बोलायचे आहे, कारण आपल्याकडे अशा दुखण्याचे सर्वाधिक वेळा होणारे निदान तेच आहे. डॉक्टर खोटे बोलत नव्हता. हृदयाला काही नव्हते. पण मला तर काहीतरी झाले होते! ज्याला आत्ताच मरणाचा उंबरठा दिसला त्याला ‘काही नाही’ म्हटले की तो दोनच अर्थ काढू शकतो. एक, यंत्राने पकडले नाही. किंवा दोन, मी नाटक करतो आहे. दोन्ही अर्थ त्याला दुसऱ्या रुग्णालयाच्या दारात नेऊन सोडतात. मीही गेलो. आठ दिवसांनी दुसऱ्या, वीस दिवसांनी तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर मिळाले. एके ठिकाणी जोडीला ॲसिडिटीच्या गोळ्या, एके ठिकाणी झोपेआधी घ्यायची अर्धी अल्प्राझोलाम. या गोळीने तासाभरात बरे वाटते, आणि म्हणूनच तिची सवय लागते. २०१४ पासून ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि विक्रीची नोंद ठेवायची, असा कडक नियम आहे. तरी ती किती घरांतल्या डब्यांत सापडेल, हे ज्याने त्याने आपापल्या घरी पाहावे.

आता मराठवाड्यात शेतीकर्ज वाटलेल्या माणसाला जी उपमा सुचणार ती सुचलीच. ग्रामीण शाखेत दर मार्चअखेर एक सोहळा असे, त्याला सगळे ‘नवं-जुनं’ म्हणत. शेतकऱ्याकडे पीककर्ज फेडायला पैसे नसायचे. मग तो सावकाराकडून दोन दिवसांसाठी रक्कम आणायचा, बँकेत भरायचा, जुने कर्ज मिटायचे, लगेच नवे मंजूर व्हायचे आणि त्या पैशांतून सावकाराचे भागवायचे. कागदावर खाते स्वच्छ. बँक खूश, शेतकरी वर्षापुरता मोकळा, आणि कर्ज मात्र दरसाल थोडे थोडे फुगत जाणारे. माझा प्रत्येक ईसीजी हे असे ‘नवं-जुनं’ होते. पहिल्या स्वच्छ रिपोर्टाने महिनाभर नाही तरी आठवडाभर झोप दिली. पाचव्याने दोन दिवस. अँजिओग्राफीनंतर वाटले, आता सुटलो. पण तिसऱ्या दिवशी पहाटे जागा झालो तो या विचाराने, की नळी आत गेली तेव्हा एखादी रक्तवाहिनी दुखावली तर नसेल? दिलाशाची मुदत कमी कमी होत गेली आणि भीतीचे मुद्दल वाढत गेले.

दरम्यान आयुष्य आक्रसत चालले होते. जिने बंद, कारण जिना चढला की धडधडते. नाटक पाहायचे तर कडेची खुर्ची. लग्नाला गेलो तर आधी कार्यालयाच्या जवळ रुग्णालय कोणते याची चौकशी. खिशात जिभेखाली ठेवायची गोळी, हाताची दोन बोटे सतत मनगटावर. पुण्याला मुलाकडे जायचे तर नगरच्या पुढे मागे कुठे हृदयरोगतज्ज्ञ आहेत याचा नकाशा डोक्यात तयार. लिहिणे तर थांबलेच होते. एका कादंबरीची ऐंशी पाने तशीच पडली. दोन तास शांत बसले की काळीज ऐकू येई, म्हणून मी शांत बसणेच सोडले.

या अवस्थेला आपल्या भाषेत किती चपखल शब्द आहे! धसका. किल्लारीच्या भूकंपानंतर मी तो शब्द रोज ऐकला आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट; मी तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. त्यानंतर कित्येक महिने, काही ठिकाणी वर्षे, धडधाकट घरे असलेली माणसेही अंगणात झोपत. एखादी मालमोटार जवळून गेली तरी लोक बाहेर धावत. “साहेब, धसका बसलाय,” असे सांगताना त्यांना लाज वाटत नसे, कारण धसका सगळ्या गावाला बसला होता. तो एकट्याला बसला, आणि तोही भूकंपाविना, की मात्र तो लपवायचा विषय होतो. आमच्या कंपूत उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. माझी कथा ऐकून ते म्हणाले होते, “वहम का इलाज तो हकीम लुकमान के पास भी नहीं था.” ही म्हण मी लहानपणापासून या शहरात ऐकत आलो आहे. लुकमान हकिमाच्या काळी ही विद्या निघाली नव्हती, एवढेच.

विद्या तशी अलीकडचीच. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, १८७१ साली, जेकब डा कोस्टा नावाच्या डॉक्टरने धडधड, धाप आणि छातीतली कळ घेऊन येणाऱ्या सैनिकांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांच्या हृदयात दोष सापडत नव्हता. भीतीच्या झटक्यांना स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत स्थान मिळाले ते थेट १९८० साली. आपल्याला काहीतरी भयंकर आजार आहे या सततच्या धास्तीला जुने नाव होते, पण ते टिंगलीचे झाले होते. २०१३ मध्ये ते बदलून ‘आजाराची चिंता’ अशा अर्थाचे नवे नाव आले. टिंगलीची परंपरा मोठी आहे. मोलिएरने १६७३ मध्ये ‘काल्पनिक रोगी’ रंगभूमीवर आणला, आणि रोग्याचे सोंग वठवता वठवता चौथ्या प्रयोगात स्वतःच कोसळून त्याच रात्री गेला. धसका घेतलेल्या माणसाला ही गोष्ट सांगू नये. मला एका साहित्यिक मित्राने सांगितली, आणि माझा पुढचा आठवडा वाया गेला.

मला योग्य दारात नेले ते औरंगपुऱ्यातल्या आमच्या जुन्या कुटुंबाच्या डॉक्टरांनी. तीस वर्षे त्यांनी आमच्या घरातले ताप-खोकले पाहिलेले. माझी फाइल त्यांनी हातात तोलून पाहिली आणि म्हणाले, “हे हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण या हृदयाला जो घाबरतो ना, त्याला औषध हवंय.” आणि एका मानसशास्त्रज्ञ बाईंचे नाव लिहून दिले. मी ती चिठ्ठी दोन महिने पाकिटात ठेवली. खरे सांगायचे तर मला अपमान वाटला. कादंबरीत मी मनोविश्लेषणाची पानेच्या पाने लिहिली होती. स्वतःवर वेळ आल्यावर मात्र डोळ्यांसमोर आले ते ‘येरवड्याला पाठवा’ हे शाळेतले चिडवणे. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. त्यामुळे आमच्याकडे चिडवतानाही येरवडा उसना घ्यावा लागतो!

ऑगस्ट २०१८ मध्ये गेलो. बाई मुलीच्या वयाच्या. माझी फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. पहिल्या भेटीत त्यांनी फक्त मागच्या झटक्याचा तास मिनिटामिनिटाने विचारला, एखादा तपासनीस अपहाराचा दिवस विचारतो तसा. आधी काय जाणवले? मग मनात काय आले? मग शरीरात काय वाढले? कागदावर त्यांनी एक वर्तुळ काढले. काळजाचा एक ठोका चुकल्यासारखा वाटतो. मन म्हणते, झटका आला. ही धोक्याची घंटा ऐकून शरीर ॲड्रिनलिन सोडते, ठोके वाढतात, श्वास जलद होतो. जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. मन म्हणते, बघ, मी म्हणत होतो ना! आणि वर्तुळ पुन्हा फिरते. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी हे वर्तुळ १९८६ मध्ये मांडले. त्यामागे फिलाडेल्फियाच्या आरन बेक यांची, विचार तपासून भावना बदलण्याची पद्धत. हे बेक २०२१ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी वारले, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवले आहे. महाराष्ट्राला या घराण्यातले दुसरे नाव अधिक परिचयाचे आहे: अल्बर्ट एलिस. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था उभी केली आणि एलिसचा विवेकवाद मराठी घरांत पोहोचवला. अंजली जोशी यांनी तर त्याच्यावर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली. माझी तक्रार एवढीच, की हे सारे पुण्या-मुंबईच्या वाचकाला जितके सहज सापडते तितके आमच्या सिल्लोड-वैजापूरच्या माणसाला सापडत नाही.

मला वाटले होते उपचार म्हणजे बालपण उकरणे, किंवा ‘सकारात्मक विचार करा’ असा उपदेश. दोन्ही झाले नाही. झाले ते फार गद्य आणि थोडे हास्यास्पद होते. बाईंनी मला खोलीतल्या खोलीत एक मिनिट धावायला लावले. मग बारीक नळीतून श्वास घ्यायला लावला. मग फिरत्या खुर्चीवर बसवून गरागरा फिरवले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत फिरत्या खुर्चीचा असा उपयोग मला ठाऊक नव्हता. धडधड, धाप, चक्कर, मुंग्या: माझे सगळे शत्रू दहा मिनिटांत, सरकारी परवान्याने, समोर उभे राहिले आणि दहा मिनिटांत आपापले निघूनही गेले. “काका, हे आत्ता तुम्ही स्वतः तयार केलंत,” बाई म्हणाल्या. “मग रविवारी दुपारी कुणी केलं असेल?”

एक वही घातली. डावीकडे भाकीत, उजवीकडे प्रत्यक्ष. ‘दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो तर कोसळेन, खात्री ८० टक्के.’ समोर: ‘कोसळलो नाही. घाम आला. शेजाऱ्यांनी चहाला बोलावले.’ तीन महिन्यांत माझी एकशेसात भाकिते जमा झाली. त्यांतले एकही खरे ठरले नाही. असा कर्जदार असता तर त्याला मी पुन्हा शाखेत पाऊल ठेवू दिले नसते. त्या वहीतूनच दुसरे एक गुपित उघड झाले. आमच्या भागात नळाला पाणी येण्याच्या दिवशी मला कधीच झटका येत नसे. पाण्याच्या दिवशी आमच्या घरात युद्धपातळीवर पिंपे-हंडे भरले जातात, मोटारीकडे लक्ष ठेवावे लागते. “तुमच्या हृदयाला महापालिकेचं वेळापत्रक कसं कळतं?” बाईंनी विचारले. मला उत्तर सुचले नाही.

सगळ्यांत अवघड भाग वेगळाच होता. मला हमी हवी होती. सहाव्या की सातव्या भेटीत मी स्पष्टच विचारले: मला हृदयविकाराचा झटका येणार नाही असे तुम्ही लिहून द्याल का? बाई म्हणाल्या, नाही. कुणीच देणार नाही. मग त्यांनी विचारले, “कर्ज मंजूर करताना तुम्ही ते बुडणार नाही याची शंभर टक्के खात्री मागायचात का?” मागितली असती तर मी एकही कर्ज दिले नसते. तारण पाहायचे, उत्पन्न पाहायचे, गावात चौकशी करायची आणि मग सही करायची. थोडे बुडतील हे गृहीत धरून तरतूद ठेवायची. हे मी हजारो रुपयांच्या आणि नंतर लाखोंच्या प्रकरणांत रोज केले होते. स्वतःच्या जिवाच्या बाबतीत मात्र शून्य जोखमीचा हट्ट. त्या दिवशी बाहेर पडल्यावर बराच वेळ स्कूटरला किल्लीच लावली नाही. रडू येत होते, आणि ते भीतीचे नव्हते.

घरच्यांनाही कामाला लावण्यात आले. ‘मला काही होणार नाही ना?’ हा प्रश्न मी सौभाग्यवतीला दिवसातून किती वेळा विचारत असे, याची मोजदाद तिने केली होती: सरासरी अकरा. तिने याचे उत्तर द्यायचे नाही, असे ठरले. दीड वर्ष ती ‘नाही हो, काही होत नाही’ म्हणत आली होती. तेही एक ‘नवं-जुनं’च. पहिल्या दिवशी मी विचारले तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मला माहीत नाही. गवार निवडायला घ्या.” मला भयंकर राग आला. गवार निवडली. तिला ते उत्तर देताना माझ्यापेक्षा जास्त त्रास झाला होता, हे मला फार उशिरा कळले. अशा दुखण्यात घरातले दुसरे माणूस किती झिजते यावर कुणी लिहीत नाही. मीही इथे एवढेच लिहितो आहे.

जानेवारी २०१९ मध्ये परीक्षा झाली. दौलताबाद. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत असे सांगतात, आणि मध्ये ती अंधारी: शत्रूला चकवण्यासाठी डोंगरातून कोरलेली काळोखी वाट, वटवाघळांचा वास, वळणे. जिना, अंधार आणि जवळ रुग्णालय नाही. माझ्या धसक्याला हवे ते सगळे एकाच ठिकाणी. खिशातली गोळी घरी ठेवायची, मनगटाला हात लावायचा नाही, अशी अट. अंधारीत मला झटका आला. पूर्ण, खानदानी झटका. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मागून शाळेच्या सहलीची पोरे किंचाळत येत होती. त्यांच्या गुरुजींनी विचारले, “आजोबा, पाणी?” मी म्हटले, नको, जरा धडधडतंय, जाईल. आणि ते गेले. किती वेळात गेले ते मी पाहिले नाही. घड्याळही मनाई होती. वर बारादरीत पोहोचलो तेव्हा गार वारा सुटला होता. चाळीस वर्षांपूर्वी लग्नानंतर आम्ही दोघे तिथे गेलो होतो, तेव्हाही मी दमलो होतोच.

बरा झालो, असे म्हणतो. पण सरळ रेषेत नव्हे. सुरुवातीचे आठ महिने मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेले एक औषधही घेतले, त्याची मला बिलकूल लाज वाटत नाही. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा एक जुना सहकारी गेला आणि माझी बोटे पुन्हा मनगटावर गेली. त्या दिवसांत तर सगळे शहरच माझ्यासारखे झाले होते. जो तो बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलेला, ९६ चे ९५ झाले की पुन्हा लावायचा. भीतीला तेव्हा खरे कारण होते. पण दिवसातून तीस वेळा मोजल्याने प्राणवायू वाढत नाही. मी जुनी वही बाहेर काढली. चार बैठका पुन्हा घेतल्या, या वेळी फोनवरून.

आता हिशेब. दीड वर्षाच्या तपासण्यांना माझे एक लाख एकतीस हजार गेले. त्यांतला मोठा भाग विम्याने दिला. पहिल्या सोळा बैठका, प्रत्येकी आठशे रुपये: बारा हजार आठशे. विम्याकडून शून्य. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून लागू झाला; मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच विमा द्यावा, असे तो सांगतो. पण आपले बहुतेक आरोग्य विमे खाटेवर पडलेल्या माणसाचे. बाहेर खुर्चीवर बसून बोलणाऱ्याचा खर्च त्यांत सहसा बसत नाही. म्हणजे अँजिओग्राफी करून काही निघाले नाही तर पैसे मिळतात, आणि तिची गरजच पडू नये म्हणून केलेल्या उपचाराचे मिळत नाहीत. कुठल्याही लेखापरीक्षकाने यावर लाल शेरा मारला असता.

दुसरा प्रश्न माणसांचा. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मनाचा काही ना काही विकार आढळला, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे दिसले. देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही, आकडा ०.७५ सांगतात. माझ्या बाईंसारखे, बोलून उपचार करणारे प्रशिक्षित लोक तर आणखी दुर्मिळ. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्याने मराठवाड्यात आणि विदर्भात समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्राची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य चालते. या गोष्टी कमी मोलाच्या नाहीत. पण आमच्या शहरात प्रत्येक मोठ्या चौकात ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या सवलतीचा फलक दिसतो, १४४१६ चा फलक मला तरी अजून दिसलेला नाही. तपासणीच्या पाकिटाला गिऱ्हाईक आहे. त्यात आता मनगटावरची घड्याळेही ठोके मोजू लागली. ज्या सवयीतून मला सोडवायला सोळा बैठका लागल्या, ती सवय आता वाढदिवसाची भेट म्हणून मिळते. माझ्या मुलाने आणलेले घड्याळ मी त्याला प्रेमाने परत केले.

एक गोष्ट गैरसमज होऊ नये म्हणून. छातीत पहिल्यांदा दुखले, धाप लागली, घाम फुटला, तर सरळ रुग्णालय गाठावे. घाटीत जा, खासगीत जा, पण जा. ‘मनाचे असेल’ म्हणून घरी बसू नका. खरा हृदयविकार आपल्याकडे पुष्कळ आहे. माझे म्हणणे चौदाव्या ईसीजीबद्दल आहे. आणि पहिल्याच ईसीजीनंतर डॉक्टरने ‘काही नाही’ऐवजी ‘हृदय ठीक आहे, तुम्हाला जे झालं त्याला भीतीचा झटका म्हणतात, तो बरा होतो, इथे जा’ एवढे म्हटले असते, तर माझी दीड वर्षे वाचली असती. त्याला वीस सेकंद लागतात. रात्रपाळीतल्या निवासी डॉक्टरच्या गळ्याशी किती रुग्ण आलेले असतात तेही मला दिसते, पण तरीही.

आमच्या कंपूतले ते खांद्यावर हात ठेवणारे गृहस्थ. जुलैपासून त्यांचे चार ईसीजी झाले. रोज सकाळी ते मला बाजूला घेऊन विचारत, “माझा रंग जरा पांढुरका दिसतो का हो?” आणि मी रोज म्हणत असे, “छे, छान दिसताय.” काही करू नये ते मीच करत होतो. एके दिवशी धीर करून म्हटले, “मला माहीत नाही. चला, एक फेरी जास्त मारू.” त्यांना राग आला. दोन दिवस फिरायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, काही न बोलता चालले, चहा घेतला. निघताना चप्पल घालता घालता खाली मान घालून त्यांनी विचारले, “त्या बाई फी किती घेतात?”